पार्ल्याचा चेहरा घेऊन लंडनला जाताना

जुलै उजाडला की आमच्या पार्ल्याच्या घरी कुणी ना कुणी येतंच. व्हिसा हातात पडलेला असतो, सप्टेंबरचं तिकीट निघालेलं असतं. कुकर दोन लिटरचा न्यावा की तीनचा, गोडा मसाला किती बांधायचा, मेतकुटाची पिशवी सामानात फुटू नये म्हणून काय करायचं, सगळं विचारून होतं. मग मुलीची आई माझ्या आईशी बोलत स्वयंपाकघरात गेली की मुलगी हळूच पुढे सरकते. "ताई, तिकडे गेल्यावर पिंपल्स वाढतात का गं?" मुलगे तेव्हा विचारत नाहीत. ते नोव्हेंबरात रात्री दोनला फोटोसकट मेसेज पाठवतात.

मी दोन वर्षं लंडनला होते. एक वर्ष शिकले, एक वर्ष नोकरी केली. जाताना हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम होतेच, पहिल्या हिवाळ्यात ते कपाळापर्यंत पोचले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध ठरवून देणार नाही. कधी काय करायचं तेवढं सांगते. मुंबईच्या दमट हवेत बसवलेली चेहऱ्याची घडी तिकडे मोडते, हे खरं. पण ती मोडल्यावर घाबरून आपण एका आठवड्यात पाच गोष्टी बदलतो आणि खरा गोंधळ तिथून सुरू होतो. एका वेळी एकच बदल, आणि त्याला किमान सहा आठवडे. पुढचं सगळं वाचताना हे धरून ठेवा.

तिकीट निघालं की आधी त्वचेच्या डॉक्टरकडे

कुकरची खरेदी नंतर होईल. मुरुमांच्या कुठल्याही औषधाचा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, म्हणून जाण्याच्या तीन महिने आधी डॉक्टर गाठायचा. अ‍ॅडापलीनसारखी रात्री लावायची जेल सुरू केली की पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडतो, सोलतो, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. हे आईच्या घरी वरणभात खात झालेलं बरं. परक्या देशात, फ्रेशर्स वीकमध्ये, म्हणजे विद्यापीठातल्या ओळखीपाळखीच्या पहिल्या आठवड्यात, नव्या लोकांना तोंड दाखवताना नको.

खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. केस पेपर नाममात्र पैशात निघतो. सकाळी लवकर जा, डबा आणि पुस्तक बरोबर घ्या, अर्धा दिवस गेला असं धरूनच चाला. तिथले डॉक्टर दिवसाला इतके चेहरे बघतात की तुमचा पाहून त्यांना काही विशेष वाटत नाही. मला तरी त्याचाच धीर आला होता.

डॉक्टरांशी चार गोष्टी बोलून घ्या.

पहिली, हे नक्की मुरूमच आहेत का? मुंबईत कपाळावर, पाठीवर, छातीवर एकसारख्या बारीक पुटकुळ्या येतात आणि त्यांना खाज सुटते. त्या पुष्कळदा मॅलेसेझिया नावाच्या यीस्टमुळे आलेल्या असतात. मुरुमांची अँटिबायोटिक घेतली तर त्या उलट वाढू शकतात. मुलींची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची (बीजकोश आणि हार्मोनच्या तक्रारीची) तपासणी इथेच उरकून घ्या.

दुसरी, हट्टी मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर कोर्स निघण्याआधी संपतो का ते पाहा. साधारण चार ते सहा महिन्यांचा असतो, कधी जास्तही. ब्रिटनमध्ये तो साधा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, लिहून देत नाही, त्वचातज्ज्ञांच्या देखरेखीखालीच मिळतो. त्या रांगेत महिने जातात. गोळ्या बॅगेत भरून नेऊन परस्पर चालू ठेवायच्या नाहीत. यकृताची आणि चरबीची रक्ततपासणी करावी लागते, आणि गरोदरपणात हे औषध बाळाला गंभीर व्यंग आणतं.

तिसरी, चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं मूळ नाव आणि टक्के टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र मागून घ्या. आपल्याकडे सगळे ब्रँडच्या नावाने बोलतात. ती नावं तिथल्या फार्मसिस्टला कळत नाहीत, "अ‍ॅडापलीन ०.१ टक्का" म्हटलं की लगेच कळतं.

चौथी गोष्ट जरा लांबची आहे. अकरावीत असताना घराजवळच्या एका मेडिकलवाल्याने मला एक ट्यूब दिली होती. "हे लावा, आठ दिवसांत साफ." आठ दिवसांत साफ झालंही. मी ती वर्षभर लावली. बंद केली की चेहरा लाल, लावली की गोरापान. तिच्यात स्टेरॉइड होतं. चेहऱ्यावर ते महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, बारीक फोड येतात, आणि सोडलं की सगळं भडकतं. आपल्या डॉक्टरांनी या प्रकाराला वेगळं नावच दिलंय. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइड क्रीम्स प्रिस्क्रिप्शनच्या यादीत आणली, पण "गोरं करणारी", "डाग घालवणारी" मिश्रणं अजून काउंटरवरून सहज हातात पडतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यापैकी काही छापलेलं असेल तर ती डॉक्टरांना दाखवा आणि कशी सोडायची ते विचारा. लंडनला पोचून ती संपली आणि तिथे मिळेना, असं झालेली दोन मुलं मला माहीत आहेत. दोघांचेही फोटो रात्री दोनलाच आले.

शेवटच्या सहा आठवड्यांत नवीन काही नाही. पील नाही, पार्लरमधलं फेशियल नाही, मैत्रिणीने सुचवलेलं सीरम नाही. निघताना भेटायला येणाऱ्या प्रत्येक मावशीकडे एक उपाय असतो. हो म्हणा, चहा द्या.

बॅग

इथे फार वेळ घालवू नका. जे आत्ता चेहऱ्याला मानवतंय, त्याचा तीन महिन्यांचा साठा न्या: फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डॉक्टरने दिलेली जेल. औषधं मूळ खोक्यात, प्रिस्क्रिप्शनसकट. केबिन बॅगेत द्रव किंवा जेल असलेली प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतचीच, आणि सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. थेंब थेंब लागणारं तेवढं वर ठेवा, बाकी चेक-इनमध्ये. झाकणांना चिकटपट्टी लावा.

आणखी तीन गोष्टी. उशीचे सुती अभ्रे, चार. दोन पांढरे टॉवेल, कारण मुरुमांवर लावायचं बेन्झॉइल पेरॉक्साइड रंगीत कापडावरचा रंग उडवतं आणि आईने प्रेमाने दिलेल्या निळ्या टॉवेलवर पिवळे डाग पडतात. आणि आई घशासाठी म्हणून अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पट्टी टाकतेच. आधी ती डॉक्टरांना दाखवा, आणि पिंपल आला म्हणून त्यातली गोळी कधीही घेऊ नका.

खोबरेल तेलाचं काय? न्या, पण केसांच्या टोकांना लावा, डोक्याला लावून झोपू नका. ते रंध्रं बुजवतं, आणि रात्री तेल लावून सकाळी कपाळावर पुरळ, हा पार्ल्यातही ओळखीचाच प्रकार आहे.

पहिले दोन आठवडे: काहीच बदलू नका

विमानात नऊ-दहा तास हवा फार कोरडी असते, आर्द्रता साधारण २० टक्क्यांच्याही खाली. मेकअप करून बसू नका, मॉइश्चरायझर दोनदा लावा. उतरल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटेल. तो दोन दिवसांत ठीक होतो.

सप्टेंबरचं लंडन छान असतं आणि तेच फसवतं. हवा मऊ, घाम नाही. मुंबईत गाडीच्या दुसऱ्या वर्गातून उतरल्यावर जो चेहरा होतो तो इथे होत नाही, आणि मुलं म्हणतात, माझी स्किन इथे येऊन सुधारली. थोडं थांबा.

या पंधरा दिवसांत एकच कागदोपत्री काम करायचं: राहत्या भागातल्या जीपीच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं. व्हिसासाठी विद्यार्थी वर्षाला ७७६ पौंड या दराने आरोग्य अधिभार भरतात, ते पैसे यासाठीच गेलेत. नोंदणी फुकट आहे, पत्त्याचा पुरावा नसला तरी होते. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणणारी मुलं डिसेंबरात खोकत फॉर्म भरतात.

गणपती या दिवसांत आले तर डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जा. १९३२ पासूनचं मंडळ आहे. त्वचेशी याचा थेट संबंध नाही, पण पुढे नोव्हेंबरात फोन करायला चार माणसं लागतात आणि ती तिथे आरतीच्या रांगेत भेटतात.

पाणी

भांडुपहून आपल्या नळाला येणारं तलावांचं पाणी मऊ असतं. लंडनचं पाणी चुनखडीच्या खडकांतून येतं आणि चांगलंच जड असतं. किटलीच्या तळाशी आठवड्याभरात पांढरा थर बसतो, तो पाहिला की समजेल. या पाण्यात साबणाचा साका तयार होतो, तो त्वचेवर राहतो आणि खाज, कोरडेपणा वाढवतो. म्हणून वडी साबण चेहऱ्याला लावायचा नाही. साबणविरहित सौम्य क्लेन्झर वापरा, सकाळ-संध्याकाळ दोनदाच, कोमट पाण्याने. थंडीत कढत शॉवरखाली उभं राहायचा मोह होतो. अंगाला करा, चेहरा बाहेर ठेवा.

शॉवरला लावायचे फिल्टर महाग मिळतात. त्यातले बहुतेक क्लोरिन कमी करतात, पाण्याचा जडपणा काढत नाहीत. ते पैसे चांगल्या क्रीमवर घाला. ग्लासगोला जाणार असाल तर हा परिच्छेद विसरा, तिथलं पाणी लॉक कॅट्रिन तलावाचं आहे आणि आपल्यापेक्षाही मऊ असेल.

नोव्हेंबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. पुढच्या आठवड्यात हीटर चालू होतात, आणि मग फोटो यायला लागतात.

काय होतं ते नीट समजून घ्या. थंड हवेत मुळात बाष्प कमी. ती घरात येऊन हीटरने तापली की तिची आर्द्रता आणखी खाली जाते. मुंबईत जुलैत ८५ टक्क्यांच्या आसपास असणाऱ्या हवेत वाढलेली त्वचा अचानक पापडासारख्या कोरड्या खोलीत येते. तिचं वरचं आवरण फाटतं. आत तेल मात्र तयार होतच असतं. वरून सोललेली, आतून तेलकट, मध्ये लाल मुरूम, असा तो विचित्र चेहरा. मुंबईकर काय करतो? तेल दिसतंय म्हणून चेहरा चौथ्यांदा धुतो, स्क्रब करतो, वर २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं टोनर लावतो.

मीही तेच केलं. त्या महिन्यात माझ्या टेबलावर एक अ‍ॅसिड टोनर, व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड, रेटिनॉल आणि चिकणमातीचा मास्क होता. सगळं सवलतीत घेतलेलं. एक दिवस पाण्याने चेहरा धुतला तरी चुरचुरलं. मग सगळं खोक्यात भरून कपाटावर टाकलं आणि तीन आठवडे फक्त क्लेन्झर आणि क्रीम लावलं. चुरचुर थांबल्यावर डॉक्टरांची जेल परत सुरू केली, एक दिवसाआड.

म्हणून नोव्हेंबरात बदल करायचा तो एकच: मुंबईचं पाणीदार जेल मॉइश्चरायझर बाजूला ठेवून सेरामाइड (त्वचेचं आवरण टिकवणारा स्निग्ध घटक) असलेलं जाडसर, सुगंध नसलेलं क्रीम घ्यायचं. साध्या औषधाच्या दुकानात मिळतं, मोठा डबा घ्या. चेहरा धुऊन हलका टिपायचा आणि ओलसर असतानाच लावायचं. "क्रीमने पिंपल वाढतील" ही भीती आपल्या हाडात बसलेली आहे. मुंबईच्या मे महिन्यात ती रास्तही आहे. इथल्या नोव्हेंबरात नाही.

जेल लावायची पद्धतही सांगते, कारण निम्मी मुलं चुकीची लावतात. वाटाण्याएवढी, पूर्ण चेहऱ्याला, फक्त मुरुमावर टिकली लावल्यासारखी नाही. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. डोळ्यांच्या, नाकपुडीच्या, ओठांच्या कडेला आधी क्रीम. फार जळजळ होत असेल तर क्रीम, मग जेल, मग परत क्रीम. वरच्या ओठावर वॅक्स करायचं असेल तर चार-पाच दिवस आधी जेल थांबवा, नाहीतर कातडी निघते. गर्भधारणेचा विचार असेल तर अ‍ॅडापलीन बंद, आणि डॉक्टरांना विचारून दुसरं काही.

ब्रिटनच्या हिवाळ्यात अतिनील किरणांचा निर्देशांक इतका कमी असतो की डिसेंबरात सनस्क्रीन राहिलं तर आभाळ कोसळत नाही. मार्चपासून मात्र रोज, दोन बोटं भरून, एसपीएफ ३० किंवा वर. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम गेला तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि ऊन तो आणखी गडद करतं. रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन डागांसाठी जास्त उपयोगी. आपल्या रंगाची छटा मिळायला मात्र तीन दुकानं फिरावी लागतात.

फार्मसिस्ट आणि जीपी

तिकडचा फार्मसिस्ट शिकलेला सल्लागार असतो, आणि सल्ला फुकट असतो. ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड त्याच्याकडे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं. सुरुवात एक दिवसाआड. अ‍ॅडापलीनला तिथे प्रिस्क्रिप्शन लागतं. (अमेरिकेला जाणाऱ्यांनी उलटं लक्षात ठेवा: तिथे २०१६ पासून ०.१ टक्क्याची अ‍ॅडापलीन जेल दुकानात नुसती उचलून आणता येते.) इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधाला मे २०२४ पासून ९.९० पौंड पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काहीच नाही. उत्पन्न कमी असेल तर लो इन्कम स्कीमचा एचसी१ फॉर्म भरा, विद्यार्थ्यांनाही तो भरता येतो.

जीपीकडे साधारण दहा मिनिटं मिळतात. आपण मराठी माणसं डॉक्टरसमोर फार सोशिक होतो. "हाउ आर यू?" विचारलं की "फाइन" म्हणतो आणि दहातली तीन मिनिटं तिथेच जातात. कागदावर लिहून न्या: मुरूम किती वर्षांपासून, काय काय लावलं, किती आठवडे, खड्डे पडतायत का, वाईट दिवसाचे फोटो. चेहऱ्यामुळे वर्गात जावंसं वाटत नाही, कॅमेरा बंद ठेवावासा वाटतो, असं असेल तर तेही स्पष्ट सांगा. तिथल्या नियमावलीत मानसिक त्रास हे तज्ज्ञाकडे पाठवण्याचं एक कारण आहे. न सांगितलेलं त्यांच्या नोंदीत येत नाही.

डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक दिली तर ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही. लोहाची गोळी आणि अँटासिड काही तासांच्या अंतराने. उन्हाने त्वचा भाजते, त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीत स्पेनला जाणाऱ्यांनी विशेष जपा. अँटिबायोटिक एकटी नको, बरोबर लावायचं औषध हवं, आणि महिनोन्महिने चालू ठेवायची नाही.

खाणं, गोळ्या, झोप

तेलकटाने पिंपल्स येतात असं आपल्याकडे ऐकत मोठे होतो. पुरावा साखर आणि मैद्याकडे जास्त बोट दाखवतो, थोडा दुधाकडे. पहिल्या सहामाहीत आपण नेमकं तेच खातो: सकाळी सीरियल-दूध, दुपारी सँडविच, रात्री स्वस्तातला पिझ्झा. वेम्बलीच्या इलिंग रोडवर ज्वारीचं पीठ, मेथी, मूगडाळ सगळं मिळतं. भाकरी थापता येत नसेल तर धिरडी घाला. जिम लावून व्हे प्रोटीन सुरू केलेल्या मुलांनी चेहरा बिघडला तर आधी तो डबा दोन महिने बंद करून बघावा.

शाकाहारी मुलांना घरून बी-१२ ची जबर मात्रेची इंजेक्शनं देऊन पाठवतात. कमतरता असेल तर ती हवीच, पण मोठ्या मात्रेने काहींना अचानक मुरूम येतात. तारीख लिहून ठेवा म्हणजे संबंध लागतो. ऑक्टोबर ते मार्च व्हिटॅमिन डी रोज १० मायक्रोग्रॅम घ्या, तो तिथल्या सरकारचाच सल्ला आहे.

डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो. लेक्चर संपवून बाहेर पडावं तर रात्र. खोलीत एकटं, निबंध राहिलेला, आरसा समोर, आणि हात आपोआप हनुवटीकडे जातो. माझे सगळ्यात खोल डाग त्या महिन्यातले आहेत, मुरुमांचे कमी आणि नखांचे जास्त. एकाने सुचवलेलं चाललं: रात्री आठनंतर बाथरूमचा मोठा दिवा लावायचा नाही, आणि फुटलेल्या मुरुमावर हायड्रोकोलॉइडची छोटी पट्टी चिकटवायची. पट्टी असली की बोट घसरतं.

आणि व्हिडिओ कॉल. आई फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणणार, "अगं, चेहऱ्याला काय झालं तुझ्या? जेवतेस ना?" मी काही दिवस खिडकीकडे पाठ करून बसायचे, म्हणजे चेहरा काळोखात. मग एकदा सरळ सांगितलं, "औषध चालू आहे, बारा आठवडे विचारू नकोस." ती सहा आठवडे थांबली. तिच्या मानाने खूप झालं.

सुट्टीत घरी येताना

मे-जूनमध्ये येणार असाल तर उलटी गंमत होते. ते सेरामाइडचं जाड क्रीम पार्ल्याच्या घामात तिसऱ्या दिवशी कपाळावर बारीक पुरळ उठवतं. डबा तिकडेच ठेवा, जुनं जेल मॉइश्चरायझर इथे स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये मिळतं. जेल, म्हणजे औषधाची, तशीच चालू. सनस्क्रीन दुपारी पुन्हा. आणि आल्या आल्या पहिल्या आठवड्यात आपल्या जुन्या डॉक्टरांकडे जा, जीपीने दिलेले कागद घेऊन. माझ्या डॉक्टरांनी ते वाचले, चष्मा वर केला आणि विचारलं, "नोव्हेंबरात काय काय लावलं होतंस?" मी पाचही नावं सांगितली. त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही, नुसत्या हसल्या.